पहिल्या टर्मचा आठवडा : धाकट्या भावाला

एमबीएच्या पहिल्या टर्ममध्ये रात्रीचे दोन वाजले तरी दुसऱ्या दिवसाच्या तीनपैकी एक केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची लिहिलेली हकिकत, वाचायची राहतेच. घाबरू नकोस. अहमदाबादच्या आयआयएमने १९६१ साली सुरुवात केली ती हार्वर्डची केस पद्धत घेऊन, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी ती तिथूनच रुजली. केस म्हणजे धडा नव्हे, त्यामुळे ती पहिल्या ओळीपासून वाचत बसू नये. आधी पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाच: निर्णय कोणाला घ्यायचाय, कधीपर्यंत? मग शेवटचे तक्ते. मजकूर सर्वांत शेवटी.

आकडे मात्र स्वतःच्या हाताने कागदावर मांड. समज, स्थिर खर्च १२ लाख, वस्तूची किंमत ५०० रुपये, तिच्यावरचा बदलता खर्च ३००. म्हणजे नगामागे २०० उरतात, आणि ६,००० नग विकल्याशिवाय नफा नाही. एवढं वहीत असलं की सरांनी अचानक तुझं नाव घेतलं तरी तुझ्याकडे बोलायला काहीतरी असतं. मी एकदा मित्राची एक्सेल शीट तशीच उचलली होती. फळ्यासमोर उभा राहिलो, एकही आकडा कुठून आला ते सांगता येईना. तो दिवस अजून आठवतो.

ग्रुपमध्ये केसेस वाटून घ्या, पण झोपण्याआधी अर्धा तास एकमेकांना समजावून सांगा. क्विझ न सांगता येते, तेव्हा नाश्ता चुकवू नकोस. आणि रविवारी आईला फोन कर, ती वाट बघत असते.