रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, तरी पाय दुखतात

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, वजन १८ किलो. आतड्याला पीळ पडल्यानं लहान आतड्याचा बराच भाग काढला. दोन वर्षांपासून रोज रात्री बारा तास शिरेवाटे पोषणाची पिशवी चालते. हल्ली पाय दुखतात म्हणतो. रक्तातलं कॅल्शियम ९.४ आलं. पिशवीत कॅल्शियमचं एक इंजेक्शन जास्तीचं घालावं का? — एक पालक, औसा (जि. लातूर)

उत्तर : घालू नका. पिशवीत फॉस्फेट असतं. कॅल्शियम बेतापेक्षा वाढलं की दोन्ही मिळून साका धरतो आणि ते कण फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. १९९४ साली अमेरिकेत यातून मृत्यू झाले होते. स्निग्ध घातलेली पिशवी दुधासारखी पांढरी असल्यानं कण दिसतही नाहीत, म्हणून १.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो. उष्णतेनं साका लवकर धरतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पिशवी २ ते ८ अंशांवरच ठेवा, लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका.

आता ९.४ चं. तो आकडा फसवा आहे. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर हाडांतून उचल घेतं. रक्ताचा हिशोब जुळतो, हाडं पोकळ होत जातात. म्हणून फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, मॅग्नेशियम, पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं संप्रेरक) आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (मिलिलिटरमागे निदान २० नॅनोग्रॅम हवं) तपासा. सगळ्यात जास्त सांगते ती लघवी. चोवीस तासांत किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम जात असेल, तर गळती आहे. पिशवी थोड्या तासांत भरभर गेली, अमिनो आम्लं किंवा सोडियम जास्त झालं, रक्तात आम्लता वाढली किंवा फॉस्फेट कमी पडलं की गळती होते. अशा वेळी कॅल्शियम वाढवलं तर तेही लघवीतूनच जातं. त्यापेक्षा तास वाढवणं, आम्लता कमी करणारं अ‍ॅसिटेट घालणं, सेंद्रिय फॉस्फेट (सोडियम ग्लिसरोफॉस्फेट) वापरणं, यांवर डॉक्टरांशी बोला. हे फॉस्फेट कॅल्शियमशी सहजी साका धरत नाही.

या वयात पिशवीतून साधारण किलोमागे १० ते १६ मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे तुमच्या मुलाला दिवसाला १८० ते २९०. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या एका मिलिलिटरमध्ये ९.३ मिलिग्रॅम असतं. पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडून बघा. हे औषध काचेच्या अँपूलमधलं असेल तर त्यात काचेतून अ‍ॅल्युमिनियम उतरतं, हाडात साठतं आणि हाड पक्कं होऊ देत नाही. प्लास्टिकच्या बाटलीतलं मिळतं का, हे फार्मसीत विचारायला लाजू नका.

वर्षातून एकदा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. रिपोर्टवर ‘टी-स्कोअर’ असेल तर तो मोठ्यांचा, मुलांना कामाचा नाही. झेड-स्कोअर (त्याच वयाच्या मुलांशी तुलना) मागा, तोही उंचीशी जुळवून; अशा मुलांची उंची बहुधा कमी असते, नुसत्या वयाशी ताडलं तर हाडं आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. पाठ दुखत असेल तर मणक्याचा बाजूनं एक्स-रे लगेच काढा, डेक्साची वाट पाहू नका.

प्रश्न : अशाच पिशवीवरच्या मुलाला ‘डी’साठी सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवलं तर चालेल का? — परभणी

उत्तर : बसवा, पण त्यावर भिस्त नको. कोवळ्या उन्हात ‘डी’ तयार करणारे किरण फार थोडे असतात आणि भर उन्हात घामानं लाईनची (शिरेतल्या नळीची) पट्टी सुटते, मग जंतुसंसर्गाची भीती. शिवाय ऊन ‘डी’ देतं, फॉस्फेट नाही.