पक्ष्यांना जाळ्यात पकडून पायात रिंग घालणं हा छळ नाही का?

नाही. माझ्या मेहुण्यांनीही मला हेच विचारलं होतं आणि ते बोलणं अर्ध्यावरच राहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कॅलिफोर्नियात असतो. मेहुणे पुण्याचे, पक्ष्यांचे फोटो काढण्यात मुरलेले. जुलैत ते इकडे आले तेव्हा त्यांना बोलिनास गावाच्या पुढे पालोमारिन या पक्षी-अभ्यास केंद्रावर नेलं. तिथे 1966 पासून रिंगिंग, म्हणजे पक्षी ओळखता यावा म्हणून पायात नंबराची रिंग घालणं, चालू आहे, कुणालाही जाऊन बघता येतं. ऐन उन्हाळा, पण समुद्रावरून असं धुकं आलं होतं की स्वेटर घालूनही हुडहुडी भरत होती. झुडपांमध्ये बारा मीटर लांबीची मिस्ट नेट लावलेली. धागा इतका बारीक की पक्ष्याला दिसत नाही. तो धडकतो आणि जाळ्याच्या झोळात पडतो. माणसं सतत फेऱ्या मारून पक्षी सोडवतात आणि कापडी पिशवीत घालून टेबलाशी आणतात.

त्यात एक रेनटिट नावाचा छोटा पक्षी होता. लांब शेपटी, पांढुरके डोळे आणि पायात आधीचीच रिंग. काम करणाऱ्या मुलीने त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरली, रिंगवरचा नंबर वाचला आणि पोटावर हलकी फुंकर मारली. पिसं बाजूला झाली, खाली उघडी, सुजल्यासारखी कातडी दिसली. अंडी उबवताना तिथली पिसं गळतात. या जातीत नरसुद्धा उबवतो. म्हणजे जवळपास घरटं होतं. पंख मोजला, वजन केलं, सोडून दिला. मेहुणे म्हणाले, "जीव घाबरा करता आणि त्याला विज्ञान म्हणता!"

त्यांच्या कुठल्या फोटोत ती पोटाची कातडी दिसली असती? याच भागातल्या अनेक वर्षांच्या मोजमापांवरून 2012 साली दाखवून दिलं गेलं की तिथल्या पक्ष्यांचे पंख हळूहळू लांब होत आहेत. हे मोजपट्टी लावल्याशिवाय कळत नाही. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या 'विज्डम' या अल्बाट्रॉस (मोठा समुद्रपक्षी) मादीला 1956 साली रिंग घातली होती. 2024 मध्येही तिने अंडं घातलं, आणि ती तीच आहे हे रिंगमुळेच ठाऊक आहे.

पक्षी मरतात का? हो, काही मरतात. 2011 मध्ये सहा लाखांहून जास्त नोंदी तपासल्या, तेव्हा हजारात साधारण सहा जखमी आणि दोन-तीन मेलेले आढळले. हे आकडे रिंगिंग करणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवले होते. मोबाइलला स्पीकर जोडून नवरंग पक्ष्याची शीळ वाजवून, प्रतिस्पर्धी आला म्हणून धावत आलेल्या नराचे ऐन विणीच्या दिवसांत तासभर फोटो काढणारे काय लिहून ठेवतात? मेहुणे हे दर पावसाळ्यात करतात, आणि वर त्याला पक्षीप्रेम म्हणतात.

एक सांगायचं राहिलं: हे सगळं शिकलेल्या, परवाना असलेल्या माणसांबद्दल आहे. आपल्याकडे भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पक्षी पकडणं गुन्हा आहे, त्यामुळे हौसेखातर जाळं आणू नका. रिंग घातलेला पक्षी दिसला तर नंबराचा फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

आणि मेहुणे, हे वाचत असाल तर यंदा जंगलात जाताना तो स्पीकर घरीच ठेवा.