‘आयरायटिस’ दिसलं की सरळ एच२०.९ टाकायचं का? एच२०, एच२१ आणि एच२२ यांतून कोड कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंड्यात मेडिकल कोडिंगचा, म्हणजे केसपेपरवरच्या निदानांना आयसीडी-१० या आजारांच्या यादीतले कोड देण्याचा, कोर्स चालू आहे, केसपेपरवर ‘आयरायटिस’ किंवा ‘अँटिरिअर युव्हायटिस’ (डोळ्याच्या पुढच्या भागाची सूज) दिसलं की एच२०.९ टाका असं क्लासमध्ये शिकवलं, आणि सरावाच्या पेपरांत मात्र तेच उत्तर पुन्हा पुन्हा चूक ठरतंय. मी उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळाच्या वैद्यकीय नोंद विभागात काम करते. डोळ्यांच्या विभागाचे कागद माझ्या टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एच२०.९ हा कोड खोटा नाही, पण तो सगळ्यात शेवटी यायला हवा. ‘सूज आहे, का आली ते लिहिलेलं नाही, किती दिवसांची तेही लिहिलेलं नाही’ एवढंच तो सांगतो. आणि बहुतेक केसपेपरांत यातलं काही ना काही लिहिलेलं असतं, फक्त ते निदानाच्या ओळीत नसतं. कुठे मेडिसिनच्या ओपीडीच्या चिठ्ठीवर असतं, कुठे जुन्या डिस्चार्ज कार्डावर. म्हणून निदानाची ओळ वाचून लगेच पुस्तक उघडू नका. आधी आजाराचं कारण शोधा, मग काळ बघा, मग डोळ्यात काय काय बिघडून राहिलंय ते बघा.

थोडी शरीररचना लागेल, कारण कोडांची विभागणी तिच्यावरच बेतलेली आहे. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा म्हणजे आयरिस. तिच्या मुळाशी, बाहेरून न दिसणारी, सिलिअरी बॉडी असते. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) तीच तयार करते आणि जवळचं-लांबचं पाहताना भिंगाचा आकारही तीच बदलते. दोघी एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकीला सूज आली की दुसरी सहसा सुटत नाही. त्यामुळे आयरायटिस, सायक्लायटिस, इरिडोसायक्लायटिस ही सगळी नावं एच२० खालीच येतात. एच२१ मध्ये सूज सोडून या दोन भागांचे इतर विकार आहेत: रक्तस्राव, नव्या रक्तवाहिन्या, झीज, पाण्याच्या गाठी (सिस्ट), चिकटणं. आणि मूळ आजार शरीरात दुसरीकडे आहे, डोळ्यात त्याचा परिणाम दिसतोय, अशा वेळी एच२२.

एच२० मधला काळाचा भाग आधी संपवते. एच२०.० म्हणजे ॲक्युट (अचानक उठलेला) आणि सबॲक्युट (त्याहून जरा सावकाश आलेला), एच२०.१ म्हणजे क्रॉनिक (दीर्घकाळ चालणारा). इथे एक फसगत हमखास होते. पुन्हा पुन्हा येणारा आयरायटिस म्हणजे क्रॉनिक असं वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये ‘रिकरंट’ हा शब्द एच२०.० खाली आहे. डॉक्टरांच्या व्याख्याही याला धरूनच आहेत. युव्हायटिसच्या नावांची एकवाक्यता करण्यासाठी तज्ज्ञांनी २००५ मध्ये जे निकष छापले, त्यांत मधल्या काळात औषध नसताना निदान ३ महिने डोळा शांत राहिला तर रिकरंट, आणि औषध बंद केल्यावर ३ महिन्यांच्या आत सूज परतली तर क्रॉनिक असं धरलंय. पण हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. तारखा मोजून आपण क्रॉनिक लिहायचं नाही. डॉक्टर कशावरून तसं लिहितात ते आपल्याला कळावं, एवढ्यासाठी निकष माहीत हवेत.

आता कारण. माझ्या मते या सगळ्या गटाचा जीव इथे आहे.

आयसीडी-१० मध्ये काही कोडांपुढे खंजिराची खूण असते आणि काहींपुढे तारा. खंजीर मूळ आजारावर, तारा त्याच्या एखाद्या अवयवातल्या रूपावर. एच२२ पूर्ण तारांकित आहे, म्हणजे तो एकटा कधीच येत नाही. खंजिराचा कोड पहिला, तारा त्याच्या मागून. क्षयामुळे झालेला इरिडोसायक्लायटिस असेल तर ए१८.५ आणि सोबत एच२२.०. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली आणि मग डोळा लाल झाला, तर बी०२.३ आणि एच२२.०. साध्या हर्पिसला बी००.५, सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्याला ए५१.४, त्यांच्याही जोडीला तोच एच२२.०. संसर्ग नसलेल्या आजारांसाठी एच२२.१ आहे: सार्कॉइडोसिस (अवयवांत सूजेच्या बारीक गाठी होणारा आजार) असेल तर डी८६.८ सोबत, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याच्या सांध्यांचा सूजेचा आजार) असेल तर एम४५ सोबत.

या शेवटच्या जोडीकडे विशेष लक्ष द्या. विशी-तिशीतला तरुण, वर्षाआड एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. दर वेळी स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारं औषध घेऊन तो बरा होतो. मेडिसिनच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलेलं असतं की सकाळी उठल्यावर कंबर ताठ असते, चालल्यावर सैल होते. त्याच चिठ्ठीवर डॉक्टरांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असं निदान केलं असेल, तर डोळ्यांच्या विभागाने नुसतं ‘आयरायटिस’ लिहिलं म्हणून एच२०.९ वर थांबणं त्या मुलावर अन्याय आहे. कंबर आणि डोळा एकाच आजाराचे आहेत हे त्याच्या कागदांत कुठेतरी एका ओळीत यायला हवं, म्हणजे पुढचा डॉक्टर फक्त थेंब देऊन त्याला घरी पाठवणार नाही. उलट बाजूही सांगते: रिपोर्टवर ‘एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह’ आहे, एवढ्यावर एम४५ टाकायचं नाही. तो रक्ततपासणीत दिसणारा आनुवंशिक गुणधर्म आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टरांच्या अक्षरात हवं.

आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचारही ठेवावा. भाताच्या शेतात, चिखलपाण्यात काम करणारा माणूस तापाने आजारी पडतो, बरा होतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळ्याची तक्रार घेऊन येतो. तापाचा केसपेपर वेगळा, डोळ्याचा वेगळा, कधी इस्पितळंही वेगळी. डॉक्टरांनी संबंध जोडून लिहिला असेल तर ए२७ गटातला कोड आधी आणि मागून एच२२.०. लिहिला नसेल तर विचारायचं. कसं विचारायचं ते शेवटी सांगते.

एच२१ बद्दल. इथला एच२१.५ तुम्हाला सर्वांत जास्त लागेल: चिकटणं आणि फाटणं. सूज आलेली आयरिस मागच्या भिंगाला चिकटली की बाहुली वेडीवाकडी दिसते. केसपेपरवर ‘पोस्टेरिअर सायनेकिया’ किंवा नुसतं ‘पीएस’ असतं. सूज चालू असेल तर सूजेचा कोड आणि एच२१.५ दोन्ही द्यावेत. सूज ओसरली, चिकटणं राहिलं, आणि रुग्ण आता त्यासाठीच आला असेल तर एच२१.५ पुढे येतो. बाहुलीची कड पूर्ण गोल चिकटली तर मागचं पाणी पुढे येऊ शकत नाही आणि आयरिस वारा भरलेल्या शिडासारखी पुढे फुगते. हे एच२१.४ मध्ये जातं. त्यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू झाला तर एच४०.४, म्हणजे सूजेमुळे झालेला काचबिंदू, हाही लिहायला विसरू नका. दृष्टी जाण्याचा धोका तिथेच असतो.

एच२१.१ म्हणजे आयरिसवर उगवलेल्या नको त्या रक्तवाहिन्या, रुबिओसिस. हा कोड एकटा दिसला की मी कागद परत चाळते, कारण याच्या मागे बहुतेक वेळा डायबेटिस असतो किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) मुख्य शीर बंद झालेली असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत डायबेटिसचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. अशा राज्यात रुबिओसिसच्या कागदावर डायबेटिस आहे की नाही याची नोंदच नसावी हे मला खटकतं. टाइप २ डायबेटिसची डोळ्यातली गुंतागुंत म्हणून ई११.३ आणि या वाहिन्यांमुळे काचबिंदू झाला असेल तर एच४०.५, हे दोन्ही तपासा.

एच२१.० म्हणजे हायफीमा, बाहुलीपुढच्या पाण्यात उतरलेलं रक्त. पण हा कोड फक्त मार लागलेला नसेल तेव्हाच. टेनिस बॉलने डोळ्यावर मार बसला, माडावरून काही पडलं, तर निदान एस०५.१ आणि सोबत बाह्य कारणाचा कोड: खेळाच्या साहित्याने लागलं तर डब्ल्यू२१, वरून पडलेल्या वस्तूने लागलं तर डब्ल्यू२०. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आणि एच२०.२, जो पाहून मला वाईट वाटतं: भिंगामुळे झालेली सूज. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करू’ असं म्हणत घरची वयस्क माणसं थांबतात. तो जास्त पिकतो, भिंगातला द्रव बाहेर झिरपतो आणि डोळा सुजून लाल होतो. इथे एच२०.२ सोबत मोतीबिंदूचा कोडही हवा, म्हातारपणचा अतिपक्व असेल तर एच२५.२. मोतीबिंदू पिकायची वाट आता पाहावी लागत नाही. घरात कुणी थांबलेलं असेल तर कोडिंग बाजूला ठेवून आधी हे सांगा.

काही निदानं या गटातली वाटतात पण नाहीत. पार्स प्लॅनायटिस ही सिलिअरी बॉडीच्याच मागच्या भागाची सूज आहे, तरी तिचा कोड एच३०.२ आहे. पॅनयुव्हायटिस, म्हणजे पुढून मागपर्यंत सगळ्या भागांची सूज, एच४४.१ मध्ये. सिलिअरी बॉडीचा कर्करोग सी६९.४. जन्मतः आयरिस नसणं क्यू१३.१, तिला जन्मतः खाच असणं क्यू१३.०. नुसतं ‘युव्हायटिस’ लिहिलेलं असेल तर अनुक्रमणिका एच२०.९ कडे नेते खरी, पण त्याआधी तपासणीत मागच्या पडद्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

कोर्स संपल्यावर अनेक जण घरून अमेरिकन इस्पितळांचं काम घेतात, म्हणून तिकडचा फरक सांगते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आयसीडी-१० ची तिकडची आवृत्ती, आहे. त्याआधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये हा सगळा गट ३६४ या क्रमांकाखाली होता. सीएममध्ये या गटातल्या बऱ्याच कोडांत डोळा कोणता हे कोडातच असतं: सहाव्या जागी १ असेल तर उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ म्हणजे नोंद नाही. एच२०.०११ म्हणजे उजव्या डोळ्याचा पहिल्यांदाच झालेला ॲक्युट इरिडोसायक्लायटिस. तोच डाव्या डोळ्यात पुन्हा उद्भवलेला असेल तर एच२०.०२२. डोळा न सांगणाऱ्या कोडावर क्लेम परत येऊ शकतो, आणि डॉक्टरांच्या ‘ओडी’ (उजवा डोळा), ‘ओएस’ (डावा डोळा) मधून तो सहज कळत असतो. खंजीर-तारा तिथे नाही. त्याऐवजी बरेच जोडकोड आहेत: क्षयाचा इरिडोसायक्लायटिस ए१८.५४, नागिणीचा बी०२.३२, हर्पिसचा बी००.५१, सार्कॉइडचा युव्हायटिस डी८६.८३. हे वापरले की एच२२ लागत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आयरिस लुळी पडू शकते, त्यालाही तिथे स्वतंत्र कोड आहे, एच२१.८१. आणि सीएममध्ये ओपीडीच्या कागदावर ‘संशयित’, ‘बहुधा’ असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. डोळा दुखणं, उजेड न सोसणं अशी लक्षणंच कोड करायची.

इथल्या कामातही कोड कागदोपत्री राहत नाही. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या इस्पितळाने भरायच्या भागात मुख्य निदान, जोडीची निदानं आणि सहव्याधी यांचे वेगवेगळे रकाने आहेत. सहव्याधीचा रकाना रिकामा सोडायची सवय लावून घेऊ नका.

आता डॉक्टरांना विचारण्याबद्दल. ‘हा क्षयाचा आहे का?’ असं विचारू नका. घाईत असलेला डॉक्टर ‘हो’ म्हणेल आणि तो शिक्का रुग्णाच्या नावावर राहील. मी असं लिहून पाठवते: ‘या रुग्णाच्या इरिडोसायक्लायटिसचं कारण आणि प्रकार केसपेपरात आढळला नाही. ठरला असल्यास कृपया नोंदवावा. तपासूनही कारण सापडलं नसेल तर तसं लिहावं.’ ‘ॲक्युट, कारण सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर एच२०.०. क्रॉनिक म्हटलं तर एच२०.१. दोन्हींपैकी काहीच लिहून आलं नाही, तेव्हा एच२०.९.