हॉपकिन्सन बार चाचणीतून अ‍ॅल्युमिनियमचा यंग मापांक खऱ्याहून खूप कमी का येतो?

कारण त्या चाचणीचा (दोन लांब धातूच्या दांड्यांमध्ये, म्हणजे बारमध्ये, नमुना ठेवून धक्क्याने दाबायचा) सुरुवातीचा भाग मापांकासाठी, म्हणजे ताण-विकृती आलेखाच्या सुरुवातीच्या उतारासाठी, भरवशाचा नसतोच. मापांक अल्ट्रासॉनिक पद्धतीने काढा. बारवर फक्त प्रवाही ताण (धातूचा आकार कायमचा बदलत असतानाचा ताण) आणि पुढचा आलेख मोजा.

हिशोब बघा. नमुना 5 मिमी लांब आणि तरंगाचा वेग सुमारे 5000 मी/से, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका फेरीला 1 मायक्रोसेकंद. दोन्ही टोकांवरचा ताण सारखा व्हायला अशा तीन-चार फेऱ्या तरी लागतात. विकृती दर (लांबीतला सापेक्ष बदल किती वेगाने होतो ते) 1000 प्रति सेकंद असेल तर तेवढ्यात 0.3 ते 0.4 टक्के विकृती होऊन जाते, आणि बऱ्याच मिश्रधातूंची प्रत्यास्थ मर्यादा (जिच्यापुढे धातू पूर्ववत होत नाही) तिथेच कुठेतरी संपते. त्यात टोकं किंचित तिरकी असली किंवा बार नमुन्यापाशी थोडा दबला, तर ती हालचालही नमुन्याच्याच विकृतीत मोजली जाते. उतार आणखी पडतो.

प्रवाही ताण नीट हवा असेल तर स्ट्रायकर (धक्का देणारा छोटा दांडा) बारच्या ज्या टोकावर आदळतो तिथे ग्रीसने तांब्याची पातळ चकती चिकटवा. धक्क्याच्या स्पंदाची चढण सौम्य होते, संकेतातला डोलही कमी होतो. नमुन्याची लांबी व्यासाच्या 0.5 ते 1 पट ठेवा, टोकांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड ग्रीस अगदी पातळ लावा. जाड थर स्वतःच विकृती दाखवतो. स्ट्रेन गेज (विकृती मोजणाऱ्या पट्ट्या) बारच्या समोरासमोर दोन लावा, म्हणजे वाकण्याचा संकेत रद्द होतो.

प्रत्येक चाचणीत आपाती (नमुन्याकडे येणारा) अधिक परावर्तित (मागे फिरलेला) तरंगाची बेरीज पारगामी (नमुन्यातून पुढे गेलेल्या) तरंगाशी जुळते का, हे तपासाच. जिथे जुळत नाही, तेवढा आलेख सोडून द्या.