आधी कागद, मग वकील

भाऊ, कारखान्यात हाताला अपघात झाला म्हणून टाके ओले असतानाच भरपाईसाठी जळगाव कोर्टाकडे धावू नको. आधी पगाराची स्लिप काढ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का ते बघ. कापत असतील तर भरपाई ईएसआयकडून येते, मालकावर वेगळा दावा चालत नाही. कामावर जाता येत नाही तोवर ९० टक्क्यांच्या आसपास पगार मिळतो. एवढ्यासाठी वकिलाला फी कशाला? फक्त अपघात कारखान्याच्या रजिस्टरमध्ये चढला का, ते स्वतःच्या डोळ्याने बघ.

ईएसआय नसेल तर गोष्ट वेगळी. खरचटलं, मालकाने दवाखाना आणि रजा दिली, तर सोडून दे. पण बोट गेलं असेल तर हिशोब आहे: पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं कायदा धरतो. इथे वकील लागतोच. ठेकेदार 'हा माझा माणूसच नाही' म्हणाला तर त्याच आठवड्यात वकील गाठ.

माझी करंगळी चटईच्या कारखान्यात रोलरमध्ये गेली. सुपरवायझर दवाखान्यातच कोरा कागद घेऊन आला, "बिलासाठी सही लागते." उजव्या हाताला पट्टी, मी डाव्याने केली. महिन्याने त्याच कागदावर 'माझी काही तक्रार नाही' असं टाईप केलेलं दिसलं. ते निस्तरायला वकीलच लागला.

वकील कामगार कोर्टात रोज उभा राहणारा बघ, शेताच्या बांधाची भांडणं लढणारा नको. फी आधीच ठरव. दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षं.