सतरा नंबरच्या फॉर्मवर सही करू नका

प्रश्न : माझा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववीला आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, लिहायला बसला की अडतो. खासगी मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचा रिपोर्ट आला. मुख्याध्यापक म्हणतात, ‘खासगी रिपोर्ट चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ त्याच्या वडिलांना मुलावर अपंगाचा शिक्का नको आहे. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, शाळेने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘आम्ही स्वखुशीने दाखला मागत आहोत’ असं एकदा लिहून दिलंत की शाळा मोकळी होते आणि नंतर वकिलाचे हात बांधले जातात. सतरा नंबरचा फॉर्म बाहेरून बसणाऱ्यांसाठी आहे. रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला तो भरायला लावण्यात शाळेच्या निकालाची सोय आहे, मुलाची नाही. हे मी अनेक घरांत पाहिलंय आणि दर वेळी मला संताप येतो.

शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच पुरतो, तेव्हा त्याचा आधार घेऊ नका. तुमचा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. अध्ययन अक्षमता त्याच्या यादीत आहे. कलम १६ म्हणतं की अशी मुलं लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत. म्हणजे जे तुम्ही पदरचे पैसे घालून शोधलंत, ते खरं तर आधी शाळेच्याच लक्षात यायला हवं होतं. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मुख्याध्यापकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. बोर्डाच्या सवलतींसाठी खासगी रिपोर्ट पुरत नाही, सरकारी प्रमाणपत्र लागतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ही चाचणी होते ते सिव्हिलमध्ये विचारून घ्या. जाताना रिपोर्ट, प्रगतिपुस्तकं आणि वह्या न्या. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या फोटोत ‘घर’ चं ‘धर’ झालंय, वेलांट्या गळल्यात, ओळी खाली घसरल्यात. खाली शाळेचा लाल शेरा : ‘लक्ष नाही.’ ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

त्याच्या वडिलांना एवढं सांगा : तिथे आधी बुद्ध्यांक मोजतात. बुद्धी चांगली असूनही लिहिणं-वाचणं मागे पडतंय, हेच तपासायचं असतं. आणि प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहणार, ते कुठे दाखवायचं हे तुम्हीच ठरवणार. मिळालं नाही, तर कायद्यात अपिलाची सोय आहे.

प्रमाणपत्रावर अपंगत्वाचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी आलं तरी खचू नका. आरक्षणासारख्या लाभांना ४० ची अट आहे. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळायला ती अट लावता येणार नाही. त्यांना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि नागरी सेवा परीक्षेला लेखनिक हवा होता. शाळेला लिहाल तेव्हा या निकालाचा उल्लेख कराच.

प्रमाणपत्राची वाट न पाहता मुख्याध्यापकांना आजच अर्ज द्या. चार ओळी पुरेत : मुलाला अध्ययन अक्षमता आहे, रिपोर्टची प्रत जोडली आहे, प्रमाणपत्राची प्रक्रिया सुरू करत आहोत, मुलाला शाळेतच ठेवावं आणि दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव वेळेत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे पाठवावा. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तोच अर्ज जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. हक्क डावलल्याची चौकशी करण्याचा अधिकार कलम ८० ने त्यांना दिलाय. यासाठी वकील लागतोच असं नाही.

आणि त्याच अर्जात पाचवी ओळ लिहा : नववीच्या याच परीक्षेला जादा वेळ मिळावा. दहावीपर्यंत थांबायचं काही कारण नाही.