चोरल-जानापाव झालंय, धबधब्यावर रॅपलिंगही केलंय. युटाच्या घळींमध्ये पहिल्यांदा कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये इंदूरहून लास व्हेगासला मुलाकडे जाताय, इंदूरजवळच्या चोरल-जानापावच्या डोंगरांतली भटकंती आणि पावसाळ्यातलं रॅपलिंग (दोराने कातळ उतरणं) गाठीशी आहे, तर युटाच्या लाल वाळूखडकातल्या कोणत्या घळी झेपतील? आणि तिथल्या झायन नॅशनल पार्कमधली 'सबवे' ही घळ वरून उतरत करता येईल का?

मीही इंदूरचीच. नणंद सॉल्ट लेक सिटीला असते, त्यामुळे त्या भागात जाणं होतं. सबवेचं आधी सांगून टाकते: वरून नको, खालून जा.

आपल्याकडे रॅपलिंग म्हणजे वर ग्रुपची माणसं, पक्का बांधलेला दोर, खाली कुणीतरी टोक धरून उभं, आणि उतरलं की चहा-भजी. तिकडे, सबवे वरून करतानाही, दोर दुहेरी ओवतात. शेवटचा माणूस उतरला की एक टोक ओढून अख्खा दोर खाली घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागतो. तो हातात आला की मागची वाट बंद. पुढे गारठलेला डोह असो, दोर कातळाच्या खाचेत अडको, वर ढग भरून येवोत, बाहेर पडायचं ते खालच्याच तोंडाने. म्हणून कुठलीही घळ ठरवताना मी पहिल्यांदा हेच विचारते, की अर्ध्यावरून मागे फिरता येईल का.

या हिशेबाने पहिली वाट लिटल वाइल्ड हॉर्स. गॉब्लिन व्हॅलीजवळ आहे, व्हेगासहून लांब पडते, पण मुलासोबत तीन-चार दिवस काढणार असाल तर जरूर जा. बेल कॅन्यन जोडून साधारण १३ किलोमीटरचा फेरा होतो, दोर लागत नाही. आत भिंती इतक्या जवळ येतात की आडवं होऊन सरकावं लागतं, आणि नाकासमोर त्या खडकातल्या तिरक्या रेघा दिसतात. ज्युरासिक काळात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत त्या, रेघ न् रेघ जशीच्या तशी दगड झालेली. आपल्या काळ्या बेसाल्टवर वाढलेल्या माणसाला हे बघायला वेळ द्यावासा वाटतो.

व्हेगासहून सोयीची म्हणाल तर झायनमधली नॅरोज. वरून खाली १६ मैल उतरायला परवाना लागतो. खालून, टेंपल ऑफ सिनावावा या ठिकाणापासून, बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत जाऊन यायला लागत नाही. नदीतूनच चालायचं, कधी घोट्याएवढं पाणी, कधी कमरेएवढं. दमलात, थंडी वाजली, फिरा मागे. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला तर वाट बंद करतात, तेव्हा निघण्याआधी आकडा बघून घ्या. पार्कच्या तोंडाशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात निओप्रीनचे (ऊब धरणाऱ्या रबराचे) मोजे, बूट, जाड काठी आणि ड्राय पँट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पँट, भाड्याने मिळते. ऑक्टोबरात ड्राय पँटचे पैसे वाचवू नका. घळीत ऊन पोचत नाही आणि पाण्याचा गारठा तासाभराने हाडात शिरतो. वाळवंटात थंडीने कुडकुडायला होईल हे इथून निघताना कुणाच्या डोक्यात येत नाही. नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका, २०२० पासून त्यात सायनोबॅक्टेरिया हे विषारी जिवाणू सापडताहेत. शौचासाठीची पिशवी न्यायची आणि भरलेली परत आणायची. इंदूरचे आहात, स्वच्छतेच्या नावाने नाक मुरडू नका.

युटातल्याच एस्कलांटे गावाजवळच्या पीकाबू आणि स्पूकी या जोडघळीही बिनदोराच्या. मात्र स्पूकी काही ठिकाणी जेमतेम वीतभर रुंद आहे. सराफ्यातल्या खाऊगल्लीला रोज हजेरी लावणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

सबवे खालून केली तरी परवाना लागतोच, आणि जाऊन-येऊन १४ किलोमीटर दगडधोंड्यांतून चालणं आहे. शेवटी तो बोगद्यासारखा कोरलेला भाग येतो, वाटेत करड्या दगडावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे. फोटोत दिसतं ते बहुतेक सगळं खालूनही मिळतं.

आता पाणी. पाताळपाणीच्या धबधब्याला २०११ च्या जुलैमध्ये काय झालं ते इंदुरात कुणाला सांगायला नको. अचानक आलेल्या लोंढ्यात खडकावर अडकलेलं ते कुटुंब वाहून जाताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तिकडच्या घळीत लोंढा तसाच येतो, पण बाजूला चढून जायला काठच नसतो, दोन्हीकडे सरळ भिंत. वरचा उघडा कातळ मैलोन् मैल पसरलेला, जोराची सर मुरायला वेळच मिळत नाही, सगळं पाणी घळीकडे. १२ ऑगस्ट १९९७ ला शेजारच्या ॲरिझोनातल्या लोअर अँटेलोप घळीत ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा वादळ कैक मैल दूर कोसळत होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल घळीत पुराने सात जण दगावले, आणि कीहोल म्हणजे दोन-तीन तासांची छोटी घळ. लिटल वाइल्ड हॉर्ससारख्या अरुंद घळीत मान वर करून बघा: दोन भिंतींमध्ये, तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर, आडवा रुतलेला ओंडका दिसेल, त्याला वाळलेलं गवत गुंडाळलेलं. तिथवर पाणी होतं. झायनमध्ये पुराची शक्यता रोज चार पायऱ्यांत लावतात. 'पॉसिबल' (पूर येऊ शकतो) ही त्यातली खालून दुसरी पायरी असली तरी मी अरुंद घळ सोडून देते. तिथल्या लोकांना हे जरा भित्रेपणाचं वाटतं, वाटू दे. ऑक्टोबरात त्यांचा मान्सून ओसरलेला असतो, त्यामुळे तुमची वेळ बरी आहे.

पाऊस पडून गेल्यावर आणखी एक: ओला वाळूखडक कच्चा होतो. आपला बेसाल्ट ओला झाला तर निसरडा होतो, पण धरलेली कपार सहसा हातात येत नाही. तिथे येते. एक-दोन दिवस वाळू द्यावा.

दोराची हौस असेलच तर गाइड घ्या. झायन पार्कच्या हद्दीत गाइडसह दोराच्या घळी करायला परवानगी नाही, स्प्रिंगडेलचे गाइड पार्कबाहेरच्या घळींत नेतात. तुम्हाला '३ए' सांगितलं तर हो म्हणा: आकडा दोराचा, अक्षर पाण्याचं. ३ म्हणजे रॅपलिंग आहे, ए म्हणजे कोरडी किंवा जेमतेम पाण्याची. बी म्हणजे साचलेले डोह, पोहणं आलं. सी म्हणजे वाहतं पाणी. ४ ला आत्ता हातही लावू नका. तिथे असे रांजणखळगे लागतात की पाणी कमी असलं तर गुळगुळीत भिंतीवरून बाहेरच निघता येत नाही.

आत मोबाइल चालत नाही. कुठल्या घळीत जाताय आणि किती वाजेपर्यंत बाहेर याल हे मुलाकडे, तो सोबत असेल तर आणखी कुणाकडे, लिहून ठेवा. वाटेवर काळपट, खवल्यांसारखी माती दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका, तो जिवंत थर असतो आणि मोडला की भरून यायला वर्षं लागतात.

आणि युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. व्हेगासहून सकाळी सातला निघून अडीच-तीन तासांत स्प्रिंगडेल गाठलंत तरी तिथे अकरा वाजत आलेले असतील, त्यामुळे नॅरोज करायची असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.